वृत्तपत्रातला पत्रकार ब्लॉग लिहू लागतो तेव्हा

छापील वृत्तपत्रात बातमीदाराची कॉपी वाचकापर्यंत एकटी कधीच जात नाही. उपसंपादक तिची काटछाट करतो, मथळा दुसराच कोणी देतो, जाहिराती लागल्यावर उरेल तेवढी जागा मिळते आणि शहर आवृत्तीचे पान सुटले की त्या दिवसापुरता विषय मिटतो. चूक निघालीच तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलाशाची छोटी चौकट येते. ब्लॉगमध्ये यातले काहीच नसते. लिहिणाराच मजकूर तपासतो, मथळा देतो, प्रकाशित करण्याची कळ दाबतो आणि थोड्याच वेळात वाचकाचे उत्तरही झेलतो. ब्लॉगचे तांत्रिक अंग पत्रकाराला दोन दुपारांत येते. ज्या पाच-सहा सहकाऱ्यांवर तो आजवर विसंबून होता, त्यांची कामे स्वतःच्या अंगावर घ्यायला मात्र त्याला पुष्कळ वेळ लागतो, आणि ब्लॉगलेखनातल्या बहुतेक वादांचे मूळ तिथेच सापडते.

ब्लॉगचा साचा वृत्तपत्रांनी घडवलेला नाही. १९९७च्या सुमारास डेव्ह वायनर यांच्यासारखे संगणकतज्ज्ञ आपल्या संकेतस्थळावर रोजच्या नोंदी, सर्वांत ताजी वर, अशा क्रमाने मांडू लागले होते. ऑगस्ट १९९९मध्ये ‘ब्लॉगर’ ही मोफत सेवा निघाली आणि संगणकाची भाषा न जाणणाऱ्यांनाही ते साधू लागले. ‘वर्डप्रेस’ २००३मध्ये आले. त्याच वर्षी ‘गूगल’ने ‘ब्लॉगर’ विकत घेतले. वृत्तपत्राच्या संकेतस्थळाने या साच्याचा उपयोग केल्याचे सर्वांत जुने म्हणून सांगितले जाणारे उदाहरण मात्र या दोन्ही सेवांच्या आधीचे आहे. ऑगस्ट १९९८मध्ये बॉनी हे चक्रीवादळ अमेरिकेत कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर येऊन ठेपले, तेव्हा ‘शार्लट ऑब्झर्व्हर’च्या संकेतस्थळावर जोनाथन ड्यूब यांनी वादळाचे वृत्त एका सलग बातमीऐवजी वेळ घातलेल्या नोंदींच्या रूपाने दिले. निवड व्यवहारी होती. सर्वांत महत्त्वाचे आधी सांगणारी, उलट्या पिरॅमिडची बातमी दर तासाला बदलणाऱ्या घटनेत दर तासाला मुळापासून नव्याने लिहावी लागते. नोंदींच्या मांडणीत जुने तसेच राहते, नवे फक्त वर चढते.

‘सॅन होझे मर्क्युरी न्यूज’चे स्तंभलेखक डॅन गिलमोर यांनी १९९९मध्ये सुरू केलेला ब्लॉग हा पुढचा टप्पा. हे वृत्तपत्र सिलिकॉन व्हॅलीचे. गिलमोर ज्या कंपन्यांबद्दल लिहीत, त्यांचे अभियंतेच त्यांचे वाचक होते. एखाद्या तांत्रिक मुद्द्यात चूक झाली की काही मिनिटांत पत्र येई आणि ते बहुधा बरोबर असे. आपल्या वाचकांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते हे गिलमोर यांनी सूत्र म्हणूनच मांडले. २००४च्या ‘वी द मीडिया’ या पुस्तकाचा आराखडा आणि काही प्रकरणे छापण्याआधी ब्लॉगवर ठेवून त्यांनी त्यावर वाचकांच्या सूचना घेतल्या. छापण्याआधी मजकूर बाहेर कोणाला दाखवायचा नाही, हा वृत्तपत्रातला जवळजवळ धर्म. गिलमोर यांनी तो उघडपणे मोडला. २००५च्या सुरुवातीला ते वृत्तपत्रातून बाहेर पडले.

त्या काळात वृत्तपत्रे आणि ब्लॉग यांच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले जाई. २००२मध्ये वायनर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डिजिटल शाखेचे प्रमुख मार्टिन निसेनहोल्ट्झ यांच्याशी पैज लावली : २००७मधल्या पाच सर्वांत मोठ्या बातम्यांचे शब्द ‘गूगल’वर शोधले, तर ब्लॉग ‘टाइम्स’च्या वर येतील. पाच वर्षांनी निकाल लागला आणि वायनर जिंकले. अर्थात शोधयंत्रातले स्थान म्हणजे बातमीचा दर्जा नव्हे. ब्लॉगची ताकद काही आठवडे न थकता एका गोष्टीच्या मागे लागण्यात होती. ५ डिसेंबर २००२ रोजी सेनेटमधले रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट यांनी एका समारंभात, स्ट्रॉम थरमंड यांच्या १९४८मधल्या वंशभेदवादी अध्यक्षीय उमेदवारीची वाखाणणी केली. मोठ्या वृत्तपत्रांनी ते सुरुवातीला जवळपास सोडून दिले. जोश मार्शल यांच्या ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ने आणि इतर ब्लॉगांनी लॉट यांची जुनी विधाने उकरून विषय जागता ठेवला आणि २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडले. याच मार्शल यांच्या चमूला सरकारी वकिलांच्या बडतर्फीच्या शोधवार्तांसाठी पुढे जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला. पत्रकारितेतला हा प्रतिष्ठेचा सन्मान एका ब्लॉगकडे गेला, तेव्हा ब्लॉग लिहिणारा पत्रकार की नाही हा वाद बराचसा निरर्थक झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातले जे रोझेन यांनी तर २००५मध्येच तो संपल्याचे जाहीर केले होते.

वृत्तपत्रांच्या आत मात्र वाद चालूच राहिला, आणि त्याची झळ पत्रकारांना बसली. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ने २००२मध्ये स्टीव्ह ओलाफसन या बातमीदाराला काढून टाकले, कारण ज्या भागाच्या बातम्या तो देत असे, त्याच भागातल्या राजकारणावर तो टोपणनावाने ब्लॉग लिहीत होता. २००३मध्ये ‘हार्टफर्ड कूरंट’ने डेनिस होरगन यांना स्वतःच्या वेळेत चालवलेला ब्लॉगही बंद करायला लावला आणि ‘सीएनएन’ने केविन साइट्स यांना इराकमधून चाललेला वैयक्तिक ब्लॉग थांबवायला सांगितले. दोन्ही वृत्तपत्रांची भूमिका एकच : पत्रकाराचे मत कुठेही प्रसिद्ध झाले तरी ते वृत्तपत्राच्या खात्यावर जमा होते. ही भूमिका सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही. महापालिकेची बीट सांभाळणारा बातमीदार रात्री टोपणनावाने त्याच महापौराची खिल्ली उडवत असेल, तर सकाळच्या बातमीवर वाचकाने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर संपादकालाच द्यावे लागते. होरगन यांच्यासारख्या, रोजची बीट न सांभाळणाऱ्याला त्याच फूटपट्टीने मोजणे हा मात्र अतिरेक होता.

कार्यालयाच्या परवानगीने चालणाऱ्या ब्लॉगांत वेगळीच अडचण आली. ‘सॅक्रामेंटो बी’चे डॅनियल वाइनट्रॉब कॅलिफोर्नियाच्या राजकारणावरच्या आपल्या नोंदी थेट प्रसिद्ध करीत. २००३च्या शरद ऋतूत लेफ्टनंट गव्हर्नर क्रूझ बुस्तामान्ते यांच्यावरची एक नोंद वादग्रस्त ठरली आणि त्यानंतर वाइनट्रॉब यांचा प्रत्येक मजकूर आधी संपादकाकडे जाईल असे ठरले. ब्लॉगलेखकांनी याला सेन्सॉरशिप म्हटले. वृत्तपत्राच्या लेखी ते रोजचे संपादन होते. २००६मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने पुलित्झर पुरस्कारविजेते मायकेल हिल्टझिक यांचा ब्लॉग बंद केला, कारण स्वतःच्याच बाजूने लिहिलेल्या प्रतिक्रिया त्यांनी खोट्या नावांनी टाकल्या होत्या. वाचकांशी रोज समोरासमोर वाद घालायची सवय नसलेला अनुभवी पत्रकारही त्या ओढीत कसा घसरतो, याचे हे प्रकरण नमुनेदार आहे. पुढच्या काळात बहुतेक मोठ्या वृत्तसंस्थांनी ब्लॉग आणि समाजमाध्यमांसाठी लेखी नियम केले. बातमीदाराने मत कुठवर द्यावे, नोंद बदलली तर कसे सांगावे, प्रतिक्रिया कोण तपासणार, हे प्रश्न त्यांत येतात.

वृत्तपत्रांनी ब्लॉग मनापासून स्वीकारला तो एका आपत्तीमुळे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. ‘टाइम्स-पिकायून’च्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या वाटपाच्या ट्रकांतून कार्यालय सोडावे लागले. तीन दिवस छापील अंक निघाला नाही. त्या काळात वृत्तपत्र म्हणजे त्याचे संकेतस्थळ आणि त्यावरचे ब्लॉगच होते. बातमीदार कुठल्या बांधाला भगदाड पडले, कुठल्या वस्तीत पाणी किती आहे, ते एकेका नोंदीत देत राहिले. दूरगावी असलेले नातेवाईक छपरावर अडकलेल्यांचे पत्ते त्याच संकेतस्थळावर टाकू लागले आणि बचाव पथकांना ते उपयोगी पडले. पुढच्या वर्षी या वृत्तपत्राला दोन पुलित्झर पुरस्कार मिळाले. मत मांडायचे साधन म्हणून ब्लॉगकडे नाक मुरडणाऱ्या संपादकांनाही, ताजे वृत्त देण्याची ही रीत आहे, हे त्यानंतर अमान्य करता आले नाही.

ब्रिटनमध्ये ‘द गार्डियन’ने हीच रीत आधी खेळात रुजवली होती. क्रिकेटचे षटकागणिक वर्णन करणारा बातमीदार मध्येच वाचकाच्या ईमेलला टोला लगावतो आणि सामना कंटाळवाणा झाला तर सरळ चहाबद्दल लिहितो, हे वाचकांना आवडले. २०१०च्या निवडणुकीत अँड्र्यू स्पॅरो यांनी त्याच शैलीत राजकारणाचे दिवसभर चालणारे वृत्त दिले. त्याआधी मार्च २००६मध्ये या वृत्तपत्राने ‘कॉमेंट इज फ्री’ हा विभाग काढून आपले स्तंभलेखक आणि बाहेरचे शेकडो लेखक एकाच पानावर आणले, प्रत्येक लेखाखाली प्रतिक्रियांची सोय ठेवली. नावाजलेल्या स्तंभलेखकांना आपल्या लेखाखालचा शेरेबाजीचा ढीग प्रथमच वाचावा लागला. काहींनी उत्तरे दिली, काहींनी खाली पाहणेच सोडले.

पत्रकाराला यात नेमके काय शिकावे लागते? भाषा सैल करणे हा सर्वांत सोपा भाग, आणि नेमका तोच आधी उचलला जातो. ‘समजते’, ‘सूत्रांकडून कळते’ ही कर्ता लपवणारी रचना सोडून लेखक आपल्या नावाने बोलू लागतो. त्याहून अवघड आहे ते अपुरेपण उघड ठेवणे. छापील बातमी पूर्ण असल्याचा आव आणते. ब्लॉगच्या नोंदीत काय कळले आणि काय अजून कळायचे आहे ते सांगता येते, किंबहुना सांगावेच लागते. चूक दुरुस्त करण्याची पद्धतही बदलते. मजकूर गुपचूप बदलला तर जुनी प्रत जपून ठेवलेला कोणी तरी वाचक ते दाखवून देतोच. म्हणून चुकलेला शब्द दिसेल असा खोडून शेजारी नवा लिहिण्याची आणि खाली वेळेसह टीप देण्याची प्रथा पडली. वृत्तपत्रातल्या मुरलेल्या माणसाला ही जाहीर खाडाखोड सुरुवातीला मानहानीसारखी वाटते.

सर्वांत जड जातो तो दुवा. ज्या अहवालावर, निकालपत्रावर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या बातमीवर आपला मजकूर उभा आहे, त्याचा दुवा देऊन वाचकाला तिकडे पाठवणे वृत्तपत्रीय वृत्तीला मानवत नाही. दुसऱ्या दैनिकाचे नाव टाळून ‘एका वृत्तपत्राने’ लिहिण्यात पिढ्या गेल्या आहेत. माध्यम-अभ्यासक जेन सिंगर यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी वृत्तमाध्यमांशी जोडलेले २० राजकीय ब्लॉग तपासले. मते पुष्कळ दिसली, दुवेही दिसले. पण ते बहुतांशी इतर प्रस्थापित वृत्तमाध्यमांकडेच जात होते, आणि वाचकाला मजकुरात सहभागी करून घेणे क्वचितच आढळले. पत्रकारांनी ब्लॉगला आपल्या जुन्या रीतींच्या मापाने बेतून घेतले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पत्रकार आणि ब्लॉगलेखक जेफ जार्व्हिस यांनी २००७मध्ये सुचवलेला उपाय सुटसुटीत होता : आपल्याला जे उत्तम येते तेवढे स्वतः करावे, उरलेल्याचा दुवा द्यावा. वृत्तपत्रांनी तो वाखाणला खूप, पाळला थोडा.

भारतात ब्लॉगची ओळख इंग्रजीतून आणि आपत्तीतूनच झाली. डिसेंबर २००४मधल्या त्सुनामीनंतर मदतीची माहिती एकत्र करणारा ब्लॉग उभारण्यात मुंबईतल्या ब्लॉगलेखकांचा पुढाकार होता. ‘क्रिकइन्फो’साठी लिहिणारे मुंबईचे पत्रकार अमित वर्मा त्याच वेळी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फिरून ‘इंडिया अनकट’ या आपल्या ब्लॉगवर लिहीत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली, तेव्हाही अडकलेल्यांची माहिती देणारे ब्लॉग तातडीने निघाले. सरकारला मात्र या माध्यमाची जाण नव्हती. जुलै २००६मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर दूरसंचार विभागाने मोजकी पाने बंद करायला सांगितली, आणि इंटरनेट पुरवठादार कंपन्यांनी ‘ब्लॉगस्पॉट’वरचे सगळेच ब्लॉग काही दिवस अडवून ठेवले. हिंदीत दूरचित्रवाणीचे पत्रकार रवीश कुमार यांनी ‘कस्बा’ हा ब्लॉग चालवला आणि ‘हिंदुस्तान’ या दैनिकात ब्लॉगांवरच सदर लिहिले. छापील पानाने ब्लॉगची दखल घ्यायची ही उलटी वाट मराठीतही दिसली. ‘लोकसत्ता’च्या ‘वाचावे नेट-के’ या सदराने मराठी ब्लॉगांची ओळख करून दिली.

मराठी वृत्तपत्रांपुढचा पहिला अडसर लिपीचा होता. पाने लावायला ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांसारख्या प्रणाली वापरल्या जात. त्यांतली अक्षरे इंग्रजी संकेतांवर बसवलेली होती. हा मजकूर संकेतस्थळावर टाकला की तो फाँट असल्याशिवाय वाचता येत नसे आणि शोधयंत्राला तर तो दिसतच नसे. याउलट हौशी ब्लॉगलेखक ‘बरहा’, ‘गमभन’ अशा साधनांनी थेट युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या संकेतप्रणालीत लिहीत होते. त्यामुळे काही वर्षे अशी गेली की मोठ्या दैनिकाचा अग्रलेख इंटरनेटवर शोधून सापडत नसे, आणि परदेशातल्या एखाद्या मराठी अभियंत्याची पाककृती पहिल्या झटक्यात मिळे. टंकलेखनाचा प्रश्न वेगळाच. जुन्या पिढीतले बातमीदार कागदावर लिहून कॉपी ऑपरेटरकडे देत; जे स्वतः टंकत, त्यांचा हात टंकलेखन यंत्राच्या कळफलकाला सरावलेला. घरच्या संगणकावर रोमन कळांनी मराठी उमटवणे त्यांना परक्यासारखे वाटे. वृत्तपत्रांची संकेतस्थळे युनिकोडवर गेली आणि मोबाइलवर देवनागरी आली, तेव्हा कुठे हा अडसर सरला.

दुसरी गोष्ट अडसर की आधार, हे ठरवणे कठीण आहे. मराठी पत्रकारितेत मताचे लेखन बातमीइतकेच जुने आहे. लोकहितवादींची शतपत्रे १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये आली ती एका माणसाने स्वतःच्या आवाजात, लहान लहान तुकड्यांत, सतत लिहिलेली. पुढे सदरलेखनाची आणि टोपणनावाने केलेल्या विनोदी टीकेची परंपरा पुरवण्यांनी जोपासली. ‘तंबी दुराई’ या नावाने श्रीकांत बोजेवार यांनी लिहिलेले सदर हे अलीकडचे उदाहरण. अशा परंपरेतल्या पत्रकाराला ब्लॉगचा वैयक्तिक सूर शिकवावा लागला नाही. पण त्यामुळेच मराठी वृत्तपत्रांतला ब्लॉग बहुतेकदा जागेची मर्यादा सुटलेले सदर झाला : आठशे शब्दांचा आटोपशीर लेख दोन हजारांवर गेला, दुवा एकही नाही, आणि प्रतिक्रियांना लेखकाचे उत्तर क्वचितच. शब्दमर्यादा ही शिक्षा नसून सोय होती, हे अशा लेखांकडे पाहून लगेच पटते. बातमीच्या पाठपुराव्याची रोजनिशी म्हणून ब्लॉग वापरण्याची कल्पना, म्हणजे एखाद्या धरणाच्या किंवा जमीन घोटाळ्याच्या मागे महिनोन्‌महिने लागून एकेक कागद वाचकासमोर ठेवण्याची, मराठीत फारशी रुजली नाही. ज्या भाषेत तालुक्यातालुक्याला वार्ताहर आहेत, तिथे ही उणीव मोठीच.

संस्थांनी उत्तेजन दिले ते वाचकांच्या लेखनाला अधिक. ‘स्टार माझा’ या वाहिनीने, म्हणजे आजच्या ‘एबीपी माझा’ने, मराठी ब्लॉगांसाठी ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा घेतली. ‘लोकसत्ता’ने ‘ब्लॉग बेंचर्स’ या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अग्रलेखांवर लिहायला लावले. पत्रकारांसाठीचे प्रशिक्षण मात्र तुरळक राहिले. बहुतेक कार्यालयांत ब्लॉग हे मूळ कामावरचे जादा काम होते. त्याला वेगळा वेळ नाही, मानधन नाही. पहिल्या महिन्यात आठ नोंदी, दुसऱ्यात दोन आणि मग सणावारी एखादी, ही अशा ब्लॉगांची नेहमीची चाल.

स्वतंत्र साधन म्हणून वृत्तपत्रीय ब्लॉगचा बहर जगभरातच लवकर ओसरला. वाचक फेसबुक आणि ट्विटरकडे वळले. आवडते ब्लॉग एकत्र वाचण्याची ‘गूगल रीडर’ ही सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नेट सिल्व्हर यांचा निवडणुकांचे अंदाज मांडणारा ‘फाइव्हथर्टीएट’ ब्लॉग तीन वर्षे चालवला आणि २०१३मध्ये गमावला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये ‘वाँकब्लॉग’ उभारणारे एझ्रा क्लाइन २०१४मध्ये बाहेर पडून ‘वॉक्स’कडे गेले. त्याच वर्षी ‘टाइम्स’ने आपले बरेच ब्लॉग बंद करून त्यांची कामे नेहमीच्या विभागांत मिसळली. साचा गेला, रीती राहिल्या. आज मतमोजणीच्या दिवशी कुठल्याही मराठी संकेतस्थळावर दिसणारे थेट वृत्त हे शार्लटच्या वादळी नोंदींचेच पुढचे रूप आहे. दीर्घ आणि वैयक्तिक लेखन २०१७मध्ये निघालेल्या ‘सबस्टॅक’सारख्या ईमेल-पत्रांकडे गेले. मराठीत वृत्तपत्रांतून बाहेर पडलेल्यांनी स्वतंत्र व्यासपीठे काढली. राम जगताप यांचे ‘अक्षरनामा’ २०१६चे.

वृत्तपत्राच्या छत्राबाहेर पडलेल्या पत्रकाराला कायद्याचीही बाजू स्वतः सांभाळावी लागते. छापील अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात आणि तक्रार आली तर कंपनीचा वकील उभा राहतो. १९७८च्या कायद्याने स्थापलेल्या प्रेस कौन्सिलची कक्षा वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरती. वैयक्तिक ब्लॉग तिच्याबाहेर. अब्रुनुकसानीचा कायदा मात्र दोघांना सारखाच लागू आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याच्या दूरचित्रवाणीवरील वार्तांकनावर टीका करणाऱ्या एका भारतीय ब्लॉगलेखकाला वाहिनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्याला ती नोंद मागे घेऊन माफी मागावी लागली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत, ‘त्रासदायक’ वाटलेल्या मजकुरासाठीही अटक होऊ शके. पालघरच्या दोन तरुणींना २०१२मध्ये एका फेसबुक नोंदीपायी अशा अटकेचा अनुभव आला. २०२१च्या नियमांनी डिजिटल वृत्तप्रकाशकांवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे आणि १५ दिवसांत निर्णय देण्याचे बंधन घातले, शिवाय एक आचारसंहिता लादली. त्या नियमांना ‘द लीफलेट’ या संकेतस्थळाने आणि ‘आपलं महानगर’चे माजी संपादक निखिल वागळे यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने आचारसंहितेचे पालन सक्तीचे करणाऱ्या, नियम ९मधील पहिल्या व तिसऱ्या उपनियमांना अंतरिम स्थगिती दिली.